प्रयूनदादांची रिकामी खुर्ची

सप्टेंबर संपत आला की कचेरीतलं कुणी ना कुणी साठीचं होऊन घरी जातं, आणि जाताना सगळी कचेरी त्याच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेते. त्या वर्षी पाळी प्रयूनदादांची होती. आमच्या उत्तरेकडच्या विआंग सोप गावात बाजारामागे जनावरांच्या खात्याची जी कचेरी आहे, तिच्या सभागृहात त्यांना मधोमध बसवलं होतं. गळ्यात मोगऱ्याची माळ, मांडीवर टॉवेल, दोन्ही हात पुढे. प्रयूनदादांना इतका वेळ सलग काम करताना कचेरीने प्रथमच पाहिलं.

माणूस वाईट नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही, फक्त सरळही काही केलं नाही. शेवटचं वर्ष तर पाठीच्या दुखण्याने रजेतच गेलं. लसीकरणाचं टेबल त्यांचं, पण मोटरसायकलला बर्फाची पेटी बांधून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायची ती केओ, लस टोचल्यावर गाय आटली म्हणून लोकांच्या शिव्या खायची ती केओ, आणि महिन्याचा अहवाल लिहून दादांच्या घरी सहीला नेऊन द्यायची तीही केओच.

केओचं पूर्ण नाव बुआकेओ. कचेरीत सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी दिवे घालवून जायची. पण कचेरीत माणसं किती, असं वरून कुणी विचारलं तर तिला त्यात धरत नसत. ती कंत्राटी होती. कंत्राटी माणसाचा पगार पगाराच्या खात्यातून निघत नाही. झाडू, चहा आणि पेट्रोल ज्या खर्चातून येतं, त्यातून निघतो. त्यामुळे कागदावर ती माणूस नव्हती, सामान होती. कित्येक वर्षं ती अशी दर ऑक्टोबरात, सरकारचं नवं हिशेबाचं वर्ष लागलं की, नव्याने विकत घेतली जात होती.

त्या दिवशी फुलं तिनेच आणली, पाण्यात अत्तर तिनेच कालवलं, आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहून दादांच्या हातांवर पाणी घालायला वाकली.

"केओ, आता ही माझी खुर्ची तुझी गं," दादा म्हणाले. "उशी तेवढी बदलून घे. तिला माझ्या पाठीची सवय झालीय."

"पाठीची कसली, घोरण्याची," हिशेब विभागातला कुणीतरी मागून म्हणाला, आणि सगळे हसले. केओही हसली. हसता हसता तिची नजर रचनीताईंकडे गेली.

रचनीताई प्रशासन विभागाच्या प्रमुख. त्याही हसल्या. पण त्या खुर्चीवर आता कुणीच बसणार नाही, हे त्या सभागृहात मोठे साहेब सोडले तर फक्त त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असायलाच हवं होतं, कारण ती खुर्ची त्यांनीच बुडवली होती.

झालं होतं असं, की जूनमध्ये राजधानीत एक मोठी बैठक झाली. सरकारी नोकरांचा खर्च कसा वाढत चाललाय, हे एका तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर दाखवलं. पगार, त्यावर निवृत्तीवेतन, त्यावर नोकरांचं आणि त्यांच्या आईवडिलांचं औषधपाणी. तो म्हणाला, देशाच्या भाताची टोपली पहिल्यांदा आपल्यापुढे येते, आपण पोटभर खातो, आणि बुडाला चिकटलेलं तेवढं रस्त्याला, शाळेला आणि दवाखान्याला जातं. इतर नेहमीप्रमाणे माना डोलावून जेवायला कुठे जायचं ते ठरवायला लागले. रचनीताईंना मात्र ते लागलं. त्यांच्या जिल्ह्यात अशा वस्त्या होत्या जिथे पावसाळ्यात बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागे, आणि कचेरीत मात्र एकाच कामाचे दोन विभाग होते, ज्यांचे प्रमुख दुपारभर एकमेकांशी बुद्धिबळ खेळत.

परत येऊन त्यांनी सुधारणा सुचवल्या. दोन विभागांचा एक करा. तीन गाड्यांतल्या दोन विकून टाका. अभ्यास दौऱ्याच्या नावाखाली दर वर्षी समुद्रावर जाणं बंद करा. आणि निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा भरू नका.

मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "रचनी, फार छान. पण विभाग एक केले तर एका प्रमुखाला काय सांगायचं? त्याची बायको राज्यपालांच्या बायकोची मैत्रीण. गाड्या गेल्या तर ड्रायव्हर कुठे बसवायचे? दौरा बंद केला तर लोकांची तोंडं वाकडी होतील. त्यापेक्षा ही शेवटची सूचना बघ. हिच्यात कुणाचंच मन दुखत नाही."

बाकी तिन्ही सूचनांवर माणसं बसलेली होती. चौथी तेवढी रिकामी खुर्ची होती, आणि रिकामी खुर्ची तक्रार करत नाही. साहेबांनी विचारलं, "प्रयूनच्या जागेवाचून काम अडतं का? लिहून दे." रचनीताईंनी लिहून दिलं, की जागेवरचा अधिकारी वर्षभर रजेवर असूनही कामात कसलाही खंड पडला नाही. अक्षर न् अक्षर खरं होतं. खंड का पडला नाही, ते लिहायला कागदावर रकाना नव्हता. एरवी असलं सगळं टाइप करायला त्या केओला हाक मारत. ते पत्र मात्र त्यांनी दार लावून, दोन बोटांनी, चुकत चुकत स्वतः टाइप केलं. दोनदा केओने दारातून डोकावून विचारलं, "ताई, मी करू का?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "राहू दे, तुला आधीच खूप कामं आहेत."

समारंभ संपल्यावर रचनीताई हात धुवायला मागच्या मोरीवर गेल्या, तर केओ चांदीचे वाडगे घासत बसली होती.

"ताई, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"रानोंगहून बोलावणं आलंय. तिथल्या ग्रामपंचायतीत. कायमची जागा आहे."

रचनीताईंना बरं वाटलं, आणि लगेचच काहीतरी टोचलं. "अगं मग वाडगे कसले घासतेस? चांगली बातमी आहे."

"चांगलीच आहे. पण रानोंग म्हणजे देशाचं दुसरं टोक. बाबांना जिना उतरवत नाही, कमरेचा सांधा गेलाय ना. त्यांना तिकडे न्यायचं म्हटलं तर म्हणतात, समुद्राकाठी मला जाळू नकोस." ती थोडी हसली. "शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नाही म्हटलं तर भरतीची परीक्षा पास होऊन ज्या यादीत नाव लागलंय, तिच्यातून ते जाईल. पुन्हा परीक्षा देण्याइतकं डोकं आता नाही राहिलं माझं. म्हणून म्हटलं, इथली दादांची जागा कचेरीतल्याच कंत्राटी माणसाने भरणार असतील तर मी तिकडे नाही म्हणून कळवते. सगळे म्हणतायत भरणार. पण तुम्ही सांगाल ते खरं."

आता इथे एक शब्द पुरला असता. नाही. पण आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं हे जवळजवळ शिवी दिल्यासारखं धरतात. समोरच्याचं मन मोडू नये, त्याला अवघडायला लावू नये, हे आम्हाला पाळण्यातच शिकवतात. समारंभाचा दिवस, हातात ओले वाडगे, डोळ्यांत ती आशा. शिवाय हुकूम अजून वरून यायचा होता, तोवर तो गुप्त ठेवायचा असतो. रचनीताईंनी मनाशी ही सगळी कारणं मांडली. आणखी एक कारण होतं, ते मात्र त्यांनी तेव्हा मनाशीही मांडलं नाही. केओ गेली तर कचेरी चालवणार कोण?

"घाई कशाला करतेस?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी हसून केओच्या दंडावर हात ठेवला. "बघू या. चांगलंच होईल."

केओने साबणाचे हात तसेच जोडले. दुसऱ्या दिवशी तिने रानोंगच्या नोकरीवर पाणी सोडलं.

समारंभाच्याच संध्याकाळी रचनीताई इस्पितळात आईकडे गेल्या होत्या. आईला दम्याचा त्रास, म्हणून तिला महिनाभर स्वतंत्र खोलीत ठेवलं होतं. खिडकीतून डोंगर दिसायचा. नर्स आली आणि लाडाने म्हणाली, "आजी, काही लागलं तर बेल दाबा हं, तुम्ही काय, अधिकाऱ्याची आई." आजींनी मान ताठ केली. पैशांचा प्रश्नच नव्हता, लेक कायमची सरकारी नोकर, म्हणजे आईचं सगळं सरकारकडे. रचनीताई आईसाठी संत्रं सोलत होत्या. केओच्या वडिलांचं नाव गेल्या वर्षापासून तालुक्याच्या दवाखान्यातल्या रांगेत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. केओला ती खुर्ची खुर्चीसाठी नको होती. कायम झालेल्याच्या बापाला चिठ्ठ्याचपाट्यांवाचून थेट चियांग माईच्या मोठ्या इस्पितळात नेता येतं, तेवढ्यासाठी हवी होती. त्यांच्या मनात आलं, अजून शुक्रवार उजाडायचाय, उद्या सकाळी सांगून टाकू. सकाळी साहेबांनी दुसऱ्याच कामाला लावलं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाला लागून त्यांना सुटल्यासारखं वाटलं.

दादांची जागा रद्द झाल्याचा हुकूम नोव्हेंबरात आला. टपाल उघडून त्यावर शिक्का मारायचं काम केओचंच. तिने तो वाचला असणार, कारण न वाचता ती शिक्का मारत नसे. मग तिने तो रचनीताईंच्या टेबलावर आणून ठेवला, शेजारी नेहमीचा चहा ठेवला, आणि कप अर्धा इंच सरकवून कागदावर डाग पडणार नाही असा केला.

"केओ," रचनीताई म्हणाल्या.

"साखर कमी घातलीय ताई, डॉक्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला," केओ म्हणाली आणि बाहेर गेली.

रागावली असती तर सोसलं असतं. रडली असती तर निदान जवळ घेता आलं असतं. तिने साखर तेवढी कमी केली. पुढच्या आठवड्यात प्रयूनदादांची खुर्ची उशीसकट माळ्यावर गेली. मोठ्या साहेबांना राजधानीहून शाबासकीचं पत्र आलं, की काटकसरीत आपल्या कचेरीने इतरांना वाट दाखवली. त्या पत्रावरही शिक्का केओनेच मारला. आणि ज्या दिवशी समुद्राचा दौरा निघाला, त्या दिवशी मागे कचेरी सांभाळायला तीच राहिली.

रचनीताईंनी साहेबांकडे जाऊन पाहिलं. म्हणाल्या, "साहेब, ती खुर्ची रिकामी नव्हती. आपण माणूस काढला नाही, माणसाची जागा तेवढी काढली. खर्च कुठे कमी झाला? तो फक्त झाडूच्या खात्यात लपला."

साहेब हसले. "अगं, हे तूच लिहून दिलंस ना? इतकं नेमकं लिहिलं होतंस, मी एक शब्द बदलला नाही."

रचनीताई परत आपल्या टेबलाशी आल्या. सुधारणा हवी होती, हे त्यांना अजूनही पटत होतं. टोपलीचं ते चित्र खोटं नव्हतं. पण त्यांनी कात्री हातात घेतली, आणि कापड जाड लागलं तिथे ती फिरवून जिथे सहज चालली तिथे चालवली. हे मात्र त्यांना रात्रंदिवस खात राहिलं.

एप्रिलात नवं वर्ष आलं. आमच्या उत्तरेकडे त्या दिवसांत वडीलधाऱ्यांच्या घरी जायचं असतं. शिकेकाई भाजून पाण्यात टाकायची, वर करडईची फुलं सोडायची, ते पाणी त्यांच्या हातांवर घालायचं, आणि वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागायची. काय चुकलं ते सांगावं लागत नाही. ही सोय कुणी शोधली असेल तो मोठा दयाळू माणूस असला पाहिजे. रचनीताई दर वर्षी साहेबांकडे आणि निवृत्तांकडे जात. त्या वर्षी त्यांनी वाडगा गाडीत घेतला आणि कुणाला न सांगता केओच्या गावाला निघाल्या.

केओचे वडील, इंताकाका, खांबांवरच्या लाकडी घराच्या ओसरीत बसले होते. जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत त्यांचं जग होतं, त्यापलीकडे ते सहा महिन्यांत उतरले नव्हते. कचेरीच्या बाई घरी आल्या म्हटल्यावर ते उठायची धडपड करायला लागले.

"बसा काका, बसा," म्हणत रचनीताई त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. केओ आत चुलीपाशी होती. ती दारात आली, बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. रचनीताईंना वाटलं, हिला मी नको झालेय. स्वाभाविकच आहे.

त्यांनी म्हाताऱ्याच्या राठ हातांवर पाणी घातलं. "वर्षभरात माझ्या हातून काही चुकलं असेल, बोलण्यात, वागण्यात, तर मोठ्या मनाने क्षमा करा." दर वर्षी तोंडपाठ म्हणायचं वाक्य, पण या वेळी त्यांनी ते एकेक शब्द जपून म्हटलं.

"तुम्ही कसली क्षमा मागता बाईसाहेब," इंताकाका म्हणाले. "उलट मीच तुमच्या पाया पडायला हवं. सांधा नीट असता तर पडलोही असतो." आणि त्यांनी ओला हात वर करून भिंतीकडे दाखवलं.

भिंतीवर राजाराणीच्या तसबिरीखाली, सोनेरी चौकटीत, केओचा फोटो होता. पांढराशुभ्र सरकारी गणवेश, छातीवर फीत, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. कायम झालेल्या प्रत्येकाच्या आईबापांच्या घरी असा एक फोटो असतो. रचनीताईंच्या आईकडेही आहे. पण गणवेशात मुरलेल्या त्यांच्या नजरेला दिसायचं ते दिसलंच. मान केओची होती, खांदे तिचे नव्हते. बाजारातल्या फोटोवाल्याकडे एकच गणवेशातलं धड असतं, त्यावर तो हवा तो चेहरा बसवून देतो. आणि खांद्यावरच्या पट्ट्या खुद्द रचनीताईंच्याहून एक पायरी वरच्या होत्या.

"आमचा गावप्रमुख म्हणतो, ही तर मोठी साहेबीण दिसते," काका सांगत होते. "मी म्हटलं, अरे तिच्या वरच्या बाईच तशा आहेत. लेक म्हणाली होती ना मला, ताईंनी स्वतः सांगितलंय, चांगलंच होईल. मी तेव्हाच ओळखलं, मोठ्या माणसाचा शब्द आहे, उगाच निघायचा नाही. रानोंगला गेली असती तर मला कुणी पाणी दिलं असतं? तुम्ही ठेवून घेतलीत."

केओ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रचनीताईंकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता. विनवणी होती.

काकांनी शेजारच्या टोपलीतून पांढरा दोरा काढला, आशीर्वाद पुटपुटत रचनीताईंच्या मनगटाला बांधला, आणि गाठ मारता मारता सहज विचारलं, "बाईसाहेब, चियांग माईला मला कधी न्यायचं? ही म्हणते, कागद व्हायला वेळ लागतो. तुम्हाला ठाऊक असेल. भाताच्या लावणीआधी झालं तर बरं, म्हणजे मी निदान बांधावर बसून ओरडेन तरी."

रचनीताईंनी आजवर शेकडो बैठकांत शेकडो अवघड प्रश्न झेलले होते. त्यांनी तोंड उघडलं. खरं बोलायला त्या आल्या होत्या, निदान गाडीत तरी त्यांनी तसं ठरवलं होतं. म्हातारा दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवत उत्तराची वाट पाहत होता.

"होईल काका," त्या म्हणाल्या. "चांगलंच होईल."

"झालं तर मग," काका म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले. "केओ, बाईसाहेबांना चिकट भात आणि आंबा बांधून दे."

केओ पुडकं घेऊन गाडीपर्यंत सोडायला आली. कोंबड्या हाकलत दोघी चालल्या. गाडीचं दार उघडताना रचनीताईंना राहवलं नाही.

"तू त्यांना असं का सांगितलंस गं? कधीतरी कळेलच ना."

"कळेल," केओ म्हणाली. तिने पुडकं पुढच्या सीटवर नीट ठेवलं, रस्त्यात सांडू नये म्हणून वाडग्याच्या आधाराला लावलं. "मन मोडवेना ताई. तुम्हालाही माझं नाहीच ना मोडवलं."

त्यात टोमणा नव्हता. ती खरोखर समजून बोलत होती, आणि तेच रचनीताईंना सोसेना. त्यांनी गाडी सुरू केली. मनगटावरचा दोरा आपल्या हाताने तोडायचा नसतो, तो आपोआप झिजून पडेपर्यंत ठेवायचा असतो. सोमवारी त्या कचेरीत पोचल्या तेव्हा दारं उघडलेली होती, दिवे लागलेले होते, आणि टेबलावर कमी साखरेचा चहा वाफाळत होता.